कामाच्या वेळचं गाणं

—पावसाचं? काम करताना कानात पावसाचा आवाज अजिबात लावू नकोस. आमच्या त्या कोपऱ्यातल्या भाऊंनी लावलं होतं, चांगलं महिनाभर. कानात नुसता पाऊस. म्हणायचे, डोकं कसं शांत राहतं. डोकं राहिलं असेल शांत, पण दर अर्ध्या तासाला उठून जावं लागायचं त्यांना, कुठे ते सांगायला नको. शेवटी साहेबांनीच विचारलं, साखर तपासून घेतलीत का म्हणून. हसतेस काय, खरंच. आणि ती टाचणी — खिडकीपाशी बसते ती काटकुळी, नाव आम्हीच ठेवलंय, तिला माहीत आहे — ती परक्या भाषेतली गाणी लावायची. शब्द कळले नाहीत की डोक्यात घुसत नाहीत, असं तिचं म्हणणं. बरोबर होतं गं तिचं. पण चार वर्षं तीच तीच गाणी ऐकून तिला कळायलाच लागले शब्द. एके दिवशी बघते तर डोळे पुसत बसलेली. म्हटलं काय झालं, तर म्हणे, आत्ता समजलं, तो तिला सोडून चाललाय. झालं, त्या दिवसापासून तिचं तेही बंद.

मी? मी काही लावत नाही. हे कानात दिसतंय ना, ते नुसते कापसाचे बोळे आहेत. नाही, कान दुखत नाही. असंच. सवय.

तू विचारलंस म्हणून सांगते — इथे आपलं काम काय आहे ते आधी नीट समजून घे, मग काय लावायचं ते ठरव. फाईल येते. अपघाताच्या भरपाईच्या दाव्याची. त्यात इस्पितळाचे कागद, पंचांचे जबाब, फोटो — फोटो पहिल्या आठवड्यात बघू नकोस, उलटे ठेव — आणि त्या सगळ्याचं आपण एका पानाचं टिपण करायचं. कोण, कुठे, कसं झालं, आणि खाली तो चौकोन, स्वतःची चूक, होय किंवा नाही. होय असेल तर भरपाई नाही. वरचे लोक फाईल वाचत नाहीत. कोणी सांगणार नाही तुला हे, मी सांगते. ते आपलं टिपण वाचतात आणि सही करतात. म्हणजे माणसाचं जे काय झालं ते तू लिहिशील तेवढंच झालं. दिवसाला बारा फायली. नुसत्या शांततेत बारा माणसांचे हात, पाय, डोळे वाचून बघ, दुपारपर्यंत तुला स्वतःचीच बोटं मोजावीशी वाटतील. म्हणून सगळे काही ना काही लावतात. लावावंच लागतं. मी नको म्हणत नाहीये. फक्त आवडतं ते लावू नकोस. जे ऐकलं की हात थांबतो, असं काही लावू नकोस.

का म्हणजे काय? अगं, साधं आहे. बरं, सांगते.

या इमारतीचं छत उतरवून नवं घातलं ना, तेव्हा दीड वर्ष आम्हाला घरून काम दिलं होतं. सोमवारी गाडी यायची, निळ्या कापडात बांधलेल्या फायली देऊन जायची, शनिवारी घेऊन जायची. घरी मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. बाबा टपाल खात्यात होते, पत्रं लावायचं काम, चाळीस वर्षं. समोर खणांची भिंत आणि हातात गठ्ठा — पत्ता बघायचा आणि पत्र त्या खणात. बघायचे सुद्धा नाहीत म्हणे नंतर नंतर, बोटांनाच कळायचं. आणि गायचे. म्हणजे गवई वगैरे नव्हेत हं, कुठे मैफल नाही, काही नाही. तरुणपणी कोणाकडे तरी तीन वर्षं शिकले, मग नोकरी, संसार. पण रियाज सोडला नाही. निवृत्त झाल्यावर तर रोज दहा ते बारा, आतल्या खोलीत पेटी घेऊन बसायचे. शब्द नाहीत, फक्त सूर. आणि मी बाहेर जेवणाच्या टेबलावर फायली पसरून. मधलं दार उघडं.

तुला सांगते, त्यासारखं दुसरं काही नाही कामाला. पहिले सहा महिने माझं काम इतकं चांगलं झालं की साहेबांनी फोन करून विचारलं, मदतीला कोणी ठेवलंय का. वाईट काही वाचत असले ना, कोणाचा पाय गेला, कोणाचं पोर पाण्यात गेलं, तरी आतून तो आवाज येत असायचा. म्हातारा आवाज, जरा खरखरीत, पण सुराला पक्का. माझी पाठ त्या आवाजाला टेकलेली असायची असं समज. बाबांनाही बरं वाटायचं. बारा वाजता बाहेर यायचे आणि विचारायचे, आज किती झाल्या? मी म्हणायचे सात. म्हणायचे, माझ्या सुरांवर सात, वा. जशा काही त्यांनीच लिहिल्या होत्या.

मग काय, मग थांबलं ते. मला त्रास व्हायला लागला त्या आवाजाचा. लक्ष लागेना. म्हटलं, बाबा, जरा हळू. म्हटलं, दार लावून घ्या. मग दाराआडूनही यायला लागला. एक दिवस म्हटलं, आता पुरे. एवढंच. होतं असं, एकाच घरात काम आणि गाणं दोन्ही —

नाही, रागावले नाहीत. ते रागावत नाहीत कधी.

खरं तर पुरे असं नव्हते म्हणाले मी. ते कसं म्हणणार गं वडिलांना? मी त्यांना सांगितलं की खालच्या बाईंना त्रास होतो. खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात, एकट्याच, माझ्याहून थोड्या मोठ्या. म्हटलं, त्या म्हणत होत्या की सकाळी आवाज येतो फार. आता त्या बाई तशा अबोल, जिन्यात भेटल्या तर मान हलवतात आणि जातात, मला वाटलं हे तिथेच संपेल. पण बाबा कसले. त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी स्वच्छ सदरा घातला, केस विंचरले आणि खाली गेले, माफी मागायला. मला न सांगता. मी टेबलाशी बसलेली, मला वाटलं फिरायला चाललेत. दहा मिनिटांनी वर आले. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. आणि म्हणाले, "त्या म्हणतात, मी दहाला खिडकी उघडते तुमचं ऐकायला."

माझं पेन चालूच होतं.

मग म्हणाले, "आवाज गेला असेल माझा, तर सांगायचं होतंस ना. मला कळत नाही आता कानांनी. तूच सांगायचं."

त्या वेळी सांगता आलं असतं. अर्धं वाक्य पुरलं असतं, बाबा आवाज चांगला आहे, माझंच काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, वय होतं बाबा सगळ्यांचं. असं म्हटलं मी. त्यांनी मान हलवली, आत गेले, पेटीवर कापड घातलं. पंधरा दिवसांनी ती पेटी एका शाळेला देऊन टाकली. स्वतः रिक्षात घालून पोचवून आले. आल्यावर म्हणाले, मुलं वाजवतील, पडून राहण्यापेक्षा बरं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तुला वाटतंय, केवढी निर्दय बाई. तुला सगळं माहीत नाही. सांगायचं नव्हतं मला, पण आता अर्धवट सांगून तू जाशील आणि घरी जाऊन म्हणशील, आमच्या ऑफिसात एक बाई आहे तिनं बापाचं गाणं बंद केलं. तसं नाही ते. म्हणजे आहे तसंच, पण —

एक फाईल होती. धुलाई कारखाना, इस्पितळांच्या चादरी धुणारा. तिथे ते मोठे गरम रोलर असतात, चादर इकडून ओली घालायची, तिकडून इस्त्री होऊन येते. समोर जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. एका माणसाचा हात गेला. उजवा, कोपरापर्यंत. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी जाळी बसवलेली नव्हती. आणि चौथ्या पानावर त्याच्या बरोबरच्या कामगाराचा जबाब होता, की जाळी आठ दिवस दुरुस्तीला गेली होती, या माणसाने दोनदा मुकादमाला सांगितलं, मुकादम म्हणाला असंच चालवा, चादरी थांबायला नकोत.

मी चौथं पान वाचलं नाही.

त्या दिवशी आत बाबा — कसं सांगू तुला — ते तीन आठवडे एकच जागा घोटत होते. वरच्या सुरावर जायचं, तिथे थांबायचं आणि न तुटता खाली यायचं. त्र्याहत्तरावं वर्ष, दम पुरायचा नाही. रोज तिथेच तुटायचं. तुटलं की थोडा वेळ गप्प आणि पुन्हा. मलाही पाठ झालं होतं कुठे तुटणार ते. आणि त्या दिवशी नाही तुटलं. गेले वर, थांबले, थांबले, आणि असे सावकाश खाली आले की माझा हात पानावर तसाच राहिला. डोळ्यात पाणी आलं माझ्या. आतून बाबा हळूच म्हणाले, "ऐकलंस का गं?" मी म्हटलं, ऐकलं बाबा. आणि पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली. तिसऱ्यावरून थेट पाचवं. पाचव्यावर इस्पितळाचं बिल होतं, म्हटलं झाले जबाब. टिपण लिहिलं, त्यानेच जाळी काढून हात घातला. त्या चौकोनात होय वर खूण केली. इतक्या आनंदात केली ती खूण, काय सांगू तुला.

पानं चिकटली होती का? मीही तेच बघितलं नंतर. नव्हती चिकटली.

नंतर म्हणजे दोन महिन्यांनी. दावा तोवर नामंजूर होऊन गेला होता. सोमवारच्या गठ्ठ्यात तीच फाईल पुन्हा, वर एक पत्र. त्या माणसाच्या बायकोचं. मला वाटलं शिव्या असतील, लोक लिहितात. तर दोनच ओळी, सुंदर अक्षर. आम्ही दिलेलं चौथं पान वाचलं गेलं आहे का, एवढंच कृपया कळवावं. मी चौथं पान उघडलं. बाकीच्या पानांना कोपऱ्याला माझा अंगठा उठलेला, शाईचा, आणि हे कोरं. आणि नेमके आत बाबा सुरू झाले. तीच जागा. आता जमायला लागली होती ना, रोज घ्यायचे, दोनदोनदा घ्यायचे. त्या दिवसापासून ती वर जायला लागली की माझ्या डोळ्यासमोर तो रोलर. मग दुसरं काही गायले तरी रोलर. मला वाटायचं यांनीच केलं. हे गायले नसते तर मी पान वाचलं असतं. मला राग यायचा गं त्यांचा. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचा, त्याला एक जागा जमली म्हणून.

हो, दुरुस्त केलं. केलं की. एवढी काही मी — दावा मंजूर झाला तो नंतर. पाच महिने लागले, पण झाला. सगळा झाला.

कसा केला ते विचारतेस? कसा म्हणजे... मी असं लिहिलं नाही की माझ्याकडून पान राहिलं. साहेबांनी घरून कामाची सवलत काढून घेतली असती, चौकशी लागली असती, माझ्या आधीच्या सगळ्या फायली उघडल्या असत्या. मी लिहिलं, अर्जदाराने अतिरिक्त जबाब नंतर सादर केला. आणि ते पान तिथून काढून शेवटी लावलं. वर नव्या तारखेचा शिक्का. मिनिटभराचं काम. वाटलं, कोणाचं काय गेलं, त्यांना त्यांचं मिळाल्याशी कारण. पण मंजुरीच्या पत्रात खाली कारण छापतात ना, उशिराचं कारण. तिथे छापून गेलं, अर्जदाराकडून विलंब.

आणि ती आली. इथे. छताचं काम संपून आम्ही नुकतेच परत आलो होतो, त्या दिवशी समोरच्या खिडकीवर माझीच पाळी होती. मी नावावरून ओळखलं, तिला काय माहीत मी कोण. लहानखुरी बाई, कोपरापर्यंत हात लाल झालेले, कपड्यांना वाफेचा वास. त्याच कारखान्यात लागली होती ती. त्याच्या जागेवर. तसं ती सांगत नव्हती, मी विचारलं म्हणून म्हणाली. दावा रखडला तेव्हा कोणीतरी कामावर जायलाच हवं होतं ना. भांडायला नव्हती आली. ते पत्र काढलं, घडी उलगडून सरळ केलं, आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "एवढी ओळ बदलून द्याल का? पान मी पहिल्या दिवशीच दिलं होतं. आमच्या यांना वाटतं, मीच विसरले. बोलत नाहीत ते माझ्याशी."

तुझं वय काय गं? चोवीस? तुला वाटेल, तिथल्या तिथे सांगून टाकायचं. मलाही वाटलं. तोंड उघडलं मी. आणि माझ्या तोंडून निघालं, "कार्यालयाच्या नोंदीत तसं नाही." साहेब म्हणतात तसं, अगदी त्याच आवाजात. तिने पत्राची घडी घातली, आधीच्याच रेषांवर, आणि बरं म्हणून गेली. आभार मानले वर.

त्याला आता दोन वर्षं होतील.

बाबा? बाबा आहेत. चांगले आहेत. वर्तमानपत्र वाचतात, भाजी आणतात, माझ्यासाठी चहा करून ठेवतात. रेडिओवर गाणं लागलं तर बटण फिरवतात, बातम्या लावतात. मध्ये एकदा खालच्या बाई जिन्यात थांबल्या, पहिल्यांदाच आपणहून बोलल्या, म्हणाल्या, तुमचे वडील मला विचारून गेले की मी किती वर्षांपासून बेसूर होतो. त्या म्हणाल्या, मी सांगितलं त्यांना, एकही दिवस नाही, पण त्यांना वाटलं मी मन राखतेय. आणि घशाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले म्हणे. मला घरात काही सांगितलं नाही. डॉक्टरने सांगितलं घसा ठणठणीत आहे. तर बाबा त्या बाईंना म्हणाले, मग मुलीचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

मागच्या महिन्यात मला ताप आला आणि मी दुपारीच घरी गेले. जिन्यात पोचले तर वरून पाण्याचा आवाज. नळ मोठा सोडलेला. आणि त्या पाण्याखाली — नीट कान दिला तर — गात होते. मोरीत उभे राहून, नळ सोडून, अगदी बारीक आवाजात. मी बसले तिथेच पायरीवर. अंगात ताप, पण हलले नाही. वाटलं, किल्लीचा आवाज झाला तर थांबतील. बसले बसले आणि ती जागा आली. गेले वर. आणि बघ, अडीच वर्षं सोडूनही नाही तुटली. मला वाटलं होतं आता रोलर दिसेल. तर ती बाई दिसली, घडी घालणारी. मग मला खोकला आला. झालं. नळ बंद. दार उघडलं त्यांनी, म्हणाले, लवकर आलीस? बादली भरत होतो.

सोपं आहे गं, मला कळत नाही असं नाही. आज घरी जायचं आणि सांगायचं, बाबा, तुमचा आवाज गेला नव्हता, माझं पान राहिलं होतं. एका वाक्यात गाणं परत येईल त्यांचं. पण त्यांनी एकदा, नोकरीत असताना, एक पत्र चुकीच्या खणात टाकलं होतं. चाळीस वर्षांत एक. घरी आल्यावर जेवायला बसताना आठवलं, तसे ताटावरून उठले, परत गेले, पोती उतरवून ते पत्र शोधलं आणि रात्री स्वतः त्या घरी नेऊन दिलं. माफी मागून आले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीये त्यांच्याकडून, सतरांदा. अभिमानाने नाही सांगत ते, लाजत सांगतात. त्या माणसाला मी काय सांगू? पान राहिलं, इतकं सांगेन कदाचित. मग विचारतील, पुढे काय केलंस? पहिला प्रश्न तोच असेल त्यांचा. मग शिक्का सांगायचा. मग ती बाई सांगायची. मग ते चपला घालतील आणि म्हणतील, पत्ता दे तिचा, चल. आणि मला जावं लागेल त्यांच्याबरोबर. तिच्या दारात उभं राहून, तिच्या नवऱ्यासमोर —

म्हणून ते बेसूर आहेत. मी नीट झोपावं म्हणून माझे बाबा बेसूर आहेत.

हे असं मी कधी म्हटलं नव्हतं. मोठ्याने तर नाहीच. तू तरी काय, नुसती ऐकत बसलीस, मध्ये थांबवायचं ना मला. विचारलं होतंस काय आणि मी... काय? काय म्हणालीस?

नाही, परत म्हणू नकोस. ऐकलं मी. तिचा पत्ता फाईलवर असतोच, मला ठाऊक आहे कुठे असतो ते, वीस वर्षं काम करतेय इथे. तू तिसऱ्या दिवशी मला शिकवू नकोस. आणि माझ्यासाठी तू तिच्याकडे जायचं नाहीस, ती फाईल काढून बघायची नाहीस, कळलं? ऊठ. साहेब इकडेच बघतायत. ऊठ म्हणते ना, जा तुझ्या टेबलाशी, आणि लाव काय लावायचं ते.